वाटणीपर्यंत मालकाची खूण

रामहरीबद्दल लिहायला बसलोय खरा, पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्याचं जे गेलं ते माझ्यामुळं गेलं. नशिबामुळं नाही, दुष्काळामुळं नाही. दुष्काळ होताच, पण त्याच्या आड लपायची सोय मला नको. आमच्या भागात आधीच बरेच जण तिथं लपून बसलेत.

माझं नाव शिवराज. गाव देवगाव रंगारी. घरी शेती होती आणि ती थोरल्या भावानं सांभाळायची असं लहानपणीच ठरलं होतं. मला वडिलांनी शहरात टीव्ही सेंटरजवळ एक गाळा घेऊन दिला. तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे. गाळ्यात मी दहा कॉम्प्युटर मांडले, दारावर ‘राजयोग गेम झोन’ अशी पाटी ठोकली आणि खुर्चीवर बसलो. कॉलेजची पोरं तासावर यायची, गोळीबार करायची, गाड्या पळवायची, एकमेकांना शिव्या द्यायची. मला स्वतःला कॉम्प्युटरमधलं चालू-बंद करण्यापलीकडं काही येत नव्हतं. हे लक्षात असू द्या.

२०१३ च्या उन्हाळ्यात रामहरी आला. शहरात नळाला चार-चार दिवस पाणी नव्हतं, माझ्या कूलरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता आणि तो गरम हवाच फेकत होता. त्या हवेत हा गडी दारात उभा. वय सव्वीस-सत्तावीस, भरघोस मिशी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात मेंढपाळाच्या जाड वहाणा. पाचोडच्या पुढं त्याचं गाव. बाप, म्हणजे आप्पा, मेंढरं राखायचा. रामहरीनं शहरात राहून कॉम्प्युटरच्या कोर्सची दोन वर्षं केली होती. तिसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही, आप्पा मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला गेला, घरी आई सारजाबाई अंथरुणाला खिळलेली, म्हणून हा परत गेला. आई त्याच हिवाळ्यात वारली. कोर्स राहिला तो राहिलाच.

“मशिनी फॉरमॅट करता येतात का?” मी विचारलं.

“येत्यात, मालक.”

“मालक नको म्हणूस रे. दादा म्हण.”

“व्हय, मालक.”

शेवटपर्यंत तो मला मालकच म्हणाला. मी दोन-चारदा टोकलं, मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

माझ्या दुकानाची दशा अशी होती की दहा मशिनींवर मिळून शे-दीडशे गेम, पण कुठला कुठं आहे ते देवाला ठाऊक. कुणी सीडीवरून टाकलेला, कुणी पेन ड्राइव्हवरून, कुणी मित्राच्या हार्ड डिस्कवरून उचललेला. एकच गेम तीन नावांनी तीन ठिकाणी. फोल्डरांची नावं ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘हाच खेळा’. पोरगं यायचं, अर्धा तास शोधण्यात घालवायचं आणि मग त्या अर्ध्या तासावरून माझ्याशी हुज्जत. गेम एका जागी लावून देणारी सॉफ्टवेअरं बाहेर मिळत होती, नाही असं नाही. पण ज्या दुकानातून गेम विकत घेतला त्याच दुकानाचा गेम त्यांना ओळखू यायचा. आमचे गेम कुठल्या दुकानातून आले होते ते विचारू नका.

रामहरी महिनाभर नुसता बघत होता. मग एक दिवस म्हणाला, “मालक, ह्ये सगळं एका वाघरीत घेऊ का?”

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मी म्हटलं, घे बाबा, तुला काय घ्यायचं ते घे.

त्यानं काय केलं ते मला कळलं सारजाबाईच्या वर्षश्राद्धाला. जेवायला म्हणून मी त्याच्या गावी गेलो होतो. दिवस कलताना आप्पा मेंढरं घेऊन परतला. रानात जाळी उभी केलेली, तिला एकच तोंड. आप्पा त्या तोंडाशी उकिडवा बसला आणि एकेक मेंढरू आत सोडायला लागला. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचा, कानाला हात लावायचा, काहीतरी पुटपुटायचा. मी आपला शहाणपणा केला. “आप्पा, नुसती मोजली तर लवकर होईल की.”

“मोजून काय व्हतंय?” आप्पा माझ्याकडं न बघताच म्हणाला. “किती ऱ्हायली त्ये कळंल. कोण ऱ्हायलं त्ये नाय कळत.”

एक मेंढरू त्यानं बाजूला ओढलं. कानावरची खूण दुसऱ्या कुणाची होती. रामहरीनं मला समजावलं. प्रत्येक घराची कानाला काप द्यायची आपापली तऱ्हा असते. आप्पाची खूण म्हणजे डाव्या कानाला दोन काप. चुकून आलेलं परकं मेंढरू हाकलायचं नाही, त्याला चारा-पाणी करायचं, दुखलं-खुपलं तर औषध करायचं, पण त्याच्या कानाला कात्री लावायची नाही. त्याचा मालक येईपर्यंत ते परकंच.

रामहरीचं सॉफ्टवेअर तसंच होतं. सगळे ड्राइव्ह धुंडाळून ते एकेक गेम तोंडाशी आणायचं. फोल्डरच्या नावावर विश्वास ठेवायचं नाही, आतल्या फायली बघून ओळखायचं. ओळख पटली की गेम आत, चित्रासकट, मराठी नावासकट, आपल्या जातीच्या रांगेत. तोच गेम पुन्हा आला की म्हणायचं, हा आत आहे. ओळख पटली नाही तर पुसून टाकायचं नाही, ‘परकं’ म्हणून एका बाजूच्या कप्प्यात ठेवायचं. पोरगं दुसऱ्या मशीनवर बसलं तरी त्याचा खेळ कालच्या जागेवरून पुढं सुरू व्हायचा. हे सगळं त्यानं दुपारी दुकान रिकामं असताना, एका पडून असलेल्या मशीनवर, सात-आठ महिन्यांत उभं केलं. मी शेजारी पेपर वाचत होतो.

तयार झाल्यावर त्यानं मला पहिलं पान दाखवलं. वर ‘राजयोग लायब्ररी’ आणि खाली, जिथं बनवणाऱ्याचं नाव असतं तिथं, ‘शिवराज’.

“अरे, तुझं नाव नाही घातलंस?”

“नाय मालक. मशीन तुमची, लाईट तुमची, जागा तुमची.” मग त्यानं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देतो. “आमच्यात दुसऱ्याची मेंढी अर्ध्यानं राखाया घेतली, का तिची पिल्लं वाटणीपस्तोर मेंढीच्या मालकाच्याच खुणंची. राखणाऱ्यानं आपली खूण घालायची नाय. वाटणीच्या दिशी मालक सोता येतो, अन् राखणाऱ्याच्या वाटंच्या पिल्लांला सोताच्या हातानं धरतो. मग राखणाऱ्यानं आपला काप द्यायचा.”

मला हसू आलं. मी म्हटलं, “बरं बाबा. वाटणीच्या दिवशी मी धरतो, तू कात्री चालव.”

मी गमतीनं बोललो होतो. त्यानं तो शब्द म्हणून घेतला. असा व्यवहार कुणी शहरात करतं का, असं तुम्ही म्हणाल. रामहरीनं केला, कारण त्याच्या घरी तीन पिढ्या तो मोडलेला कुणी बघितला नव्हता.

पुढं सिडकोतल्या, गारखेड्यातल्या गेमवाल्यांनी ते बघितलं, मागितलं, मी वाटलं. वाटताना ‘आमचं सॉफ्टवेअर’ म्हणायचो. हळूहळू ‘माझं’ म्हणायला लागलो. हा बदल कुठल्या दिवशी झाला ते मला सांगता येणार नाही, जीभ आपोआप वळत गेली. एका स्थानिक पेपरचा वार्ताहर आला. विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मी सांगितलं, लहानपणी रानात मेंढपाळांना बघायचो, त्यावरून. म्हणजे आप्पासुद्धा मी माझ्या नावावर करून टाकला. फोटो छापून आला. रामहरीनं तो नीट कापून आणला, काउंटरच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाला, “फोटू लई भारी आलाय, मालक.” त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मग २०१६ उजाडलं. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं. गंगथडीलाच गवत उरलं नव्हतं, आणि पाचोडच्या अलीकडं-पलीकडं जी माळरानं होती त्यावर प्लॉटिंगचे दगड लागत होते. मेंढरू चरायला गेलं की कुणीतरी काठी घेऊन धावायचं. आप्पाकडं बेचाळीस मेंढरं होती. चारा विकत घेतला तरच ती उन्हाळा काढणार होती, नाहीतर बाजार.

त्याच महिन्यात रामहरीला चिकलठाण्याच्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला बोलावलं. कारखान्यांच्या स्टोअरसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी. कोर्स अर्धा राहिलाय म्हणून ते कुरकुरले, पण म्हणाले, काही केलेलं असेल तर दाखव. यानं लायब्ररी दाखवली. त्यांना ती फार आवडली. मग त्यांनी खालचं नाव वाचलं.

“हा शिवराज कोण?”

“आमचे मालक. पर लिवलंय म्या.”

“मग त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आण. पंधरा दिवस थांबतो आम्ही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी रामहरी आला तो चहा घेऊनच. ग्लास माझ्यापुढं ठेवला, स्वतः उभा राहिला. “मालक, वाटणीचा दिस आला बगा. मला दुसरं कायबी नको. ह्ये रामहरीनं केलं, एवढं लिवून द्या. नोकरी लागली तर आप्पाची मेंढरं वाचत्यात.”

आता माझी बाजू ऐका. बाजू कसली, नीचपणाच, पण ऐका. त्याच आठवड्यात पुण्याचा एक माणूस आला होता. त्याची बारा गेम पार्लरं होती. त्याला ही लायब्ररी हवी होती आणि मी तिथं व्यवस्थापक म्हणून हवा होतो. त्यानं करारात एक ओळ घातली होती की हे सॉफ्टवेअर शिवराजनं एकट्यानं तयार केलंय, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. सही व्हायची बाकी होती.

मी रामहरीला म्हटलं, “देतो की. त्यात काय. सोमवारी ये.”

सोमवारी म्हटलं, लेटरहेड संपलंय. त्याच्या पुढच्या सोमवारी मी दुकानातच गेलो नाही. पंधरावा दिवस जवळ आला तसा तो गडी मशिनी पुसत राहिला. मधूनच माझ्याकडं बघायचा. त्या नजरेत संशय नव्हता, नुसती वाट बघणं होतं. मला त्याचाच राग यायचा. तू भांड ना माझ्याशी, एक शिवी दे, असं वाटायचं.

शेवटी कंपनीतूनच फोन आला. बाई सभ्य होत्या. “रामहरी म्हणून एक उमेदवार आहे. ते सॉफ्टवेअर त्यानं लिहिलंय असं तो म्हणतो. तुम्ही सांगू शकाल का?”

करारावर आदल्या दिवशीच सही झाली होती. मी म्हणालो, “तो आमच्याकडं कामाला आहे. मशिनी बघतो.”

एवढंच. शब्दन् शब्द खरा होता. पलीकडून बाई म्हणाल्या, “समजलं, धन्यवाद,” आणि फोन ठेवला. त्यांना खरंच समजलं असं समजून मी एक सिगारेट ओढली.

दोन दिवसांनी रामहरीनं गाळ्याच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. तो चिडेल म्हणून मी तयारी करून बसलो होतो. तो म्हणाला, “आप्पानं उभ्या हयातीत परक्या मेंढराच्या कानाला कात्री लावली नाय. म्या बी नाय लावली, मालक. म्या नाव घालू शकत व्हतो की. तुमाला कळलं बी नसतं.”

मला खरंच कळलं नसतं. पंखा फिरत होता, दोन पोरं मागं हेडफोन घालून ओरडत होती. तो गेला.

आप्पानं मेंढरं पाचोडच्या बाजारात विकली, असं मागाहून कुणाकडून तरी कळलं. बाजारातसुद्धा म्हणे तो प्रत्येक मेंढराचा कान चाचपून दोर सोडत होता. गिऱ्हाईक घाई करत होतं.

पुण्यात माझं तीन वर्षं बरं चाललं. मग २०१९ चा उन्हाळा, पुन्हा कोरडा. पुण्याच्या माणसानं सगळ्या मशिनींवर नवं विंडोज टाकलं आणि लायब्ररी बिघडली. म्हणजे बंद पडली नाही. चालू व्हायची, ड्राइव्ह धुंडाळायची, आणि सगळेच्या सगळे गेम ‘परकं’च्या कप्प्यात टाकायची. एकही ओळखायची नाही. बारा पार्लरांत बोंबाबोंब. त्यानं मला फोन केला. “तुम्हीच लिहिलंय ना? मग करा दुरुस्त.”

मी आतलं उघडून बघितलं. पानंच्या पानं. मधे मधे रामहरीनं स्वतःसाठी मराठीत टिपा लिहून ठेवलेल्या. ‘इथं थांबून तोंड बघायचं.’ ‘नाव खोटं असू शकतं, कान बघ.’ बाकी मला काही म्हणता काही कळलं नाही. पुण्याच्या माणसानं पुढच्या आठवड्यापर्यंत मुदत दिली. तेव्हा मला रामहरीची आठवण आली. पश्चात्तापानं नाही, गरजेनं. लेटरहेडवर दोन ओळी छापून घेतल्या, सही ठोकली, लॅपटॉप घेतला आणि शोधत निघालो.

तो पाचोडच्या अलीकडं सापडला. एका नव्या वसाहतीच्या फाटकावर रखवालदार. सतरा इमारती, अजून निम्म्या रिकाम्या, नाव मात्र कुठल्यातरी परदेशी बागेचं. ही सगळी जमीन पूर्वी त्यांच्या चराईची होती, हे त्यानं नाही, तिथल्या चहावाल्यानं मला सांगितलं. मिशीत पांढरे केस आलेले. येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवायचा, आतल्या माणसाचं तोंड बघायचा, नंबर वहीत लिहायचा, मग दांडा वर करायचा. केबिनच्या सावलीत आप्पा बसलेला. पार वाळला होता.

“या मालक,” रामहरी म्हणाला, जणू मी कालच भेटलो होतो.

मी कागद पुढं केला. म्हटलं, “रामहरी, चुकलं माझं. हे घे. तू लिहिलंस असं स्पष्ट लिहिलंय. आणि आता त्याच्यावर तुझं नाव घाल. आज वाटणी समज. फक्त तेवढं जरा चालू करून दे.”

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की माझी मलाच किळस आली.

त्यानं कागद दोनदा वाचला. “तारीख आजची हाय,” म्हणाला. घडी घालून खिशात ठेवला. मग लॅपटॉप मांडीवर घेतला. तीन वर्षांत कॉम्प्युटरला हात लावला नव्हता म्हणाला, बोटं अडखळत होती. मधे दोन गाड्या आल्या, दोन्ही वेळा उठून त्यानं नंबर लिहिले. अर्ध्या तासानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. एकेक गेम आत येत होता, चित्रासकट, आपल्या जातीच्या रांगेत. खाली बघितलं. नाव माझंच होतं.

“अरे, तुझं घाल ना!”

“दुखलं-खुपलं तर औषध करायचं असतंय, मालक. त्येवढं केलं.”

आप्पानं इतका वेळ सगळं ऐकलं होतं. त्याला आता नीट दिसत नाही. त्यानं विचारलं, “कशाचा कागद हाय रं त्यो?”

“आपलं एक मेंढरू त्येंच्याकडं ऱ्हायलं व्हतं, आप्पा. त्ये आणून द्याया आलेत.”

आप्पा माझ्या दिशेनं तोंड करून, अगदी आदरानं, पाहुण्याला सांगावं तसं म्हणाला, “आता आणून काय करता, पाटील? वाघर इकली आम्ही.”

मी उठलो. लॅपटॉप पिशवीत घातला. गाडीपाशी आलो तर रामहरी वही घेऊन मागं आला. “नाव लिवा, मालक. जाताना लागतंय.”

मी नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, ‘कोणत्या कामासाठी आलात?’ पेन हातात धरून मी उभा राहिलो. मागं पाण्याचा टँकर येऊन हॉर्न वाजवायला लागला. रामहरीनं माझ्या हातातून पेन घेतलं, त्या रकान्यात ‘दुरुस्ती’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि दांडा वर केला.